पाटीवर कारागिराचे गाव आणि नाव हवे

महोदय,

आपल्याकडच्या इतिहासाच्या संग्रहालयांत तलवारीखाली घराण्याचे नाव असते, नाण्याखाली राजाचे आणि टांकसाळीचे नाव असते, शिलालेखाशेजारी त्याचे वाचनही लावलेले असते. त्याच इमारतीत पुढच्या दालनात गेले की ‘रंगीत पाट’, ‘पितळी दिवा’, ‘लाकडी मुखवटा’ एवढ्यावर भागवलेले दिसते. वस्तू कोणत्या गावची, कोणत्या लाकडाची, कोणी घडवली आणि कोणत्या कामासाठी, यातले काहीही तिथे नसते. कोकणातील कलाकुसरीच्या वस्तूंची अशी मुकी मांडणी थांबावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागातील एका संग्रहालयात पाहिलेल्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे, उदाहरण देते. काचेच्या पेटीत पाच-सहा गोल पाने मांडलेली होती आणि खाली ‘गंजिफा, सावंतवाडी’ असे दोनच शब्द होते. त्यांत एक कच्छाची, म्हणजे कासवाच्या अवताराची, सत्ती होती. नखाएवढी सात कासवे, प्रत्येकाची मान वर काढलेली आणि शेवटचे कासव जागा कमी पडल्यामुळे किंचित कलते घेतलेले. म्हणजे आधी रेखाटन न करता सरळ कुंचल्यानेच ती उतरवली असावीत. कडेची लाख जिथे उडाली होती तिथे कागदाचे थर उघडे पडले होते. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, तो घोटून गुळगुळीत करायचा, मग रंग आणि सर्वांत शेवटी लाख, हे सगळे काम त्या उडालेल्या कडेत दिसत होते. पाटी मात्र त्याबद्दल काहीच सांगत नव्हती.

खेळाबद्दलही तिथे अवाक्षर नव्हते. दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात: दहा अवतारांचे दहा रंग, म्हणजे पत्त्यांचे दहा गट, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने. राजा आणि प्रधान यांच्यानंतर मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पाच रंगांत क्रम उलटा होऊन एक्का श्रेष्ठ. दिवसा खेळ मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिले पान त्याने टाकायचे; रात्री मांडला तर कृष्णाची. चार ओळींची ही माहिती पेटीशेजारी असती, तर सहलीला आलेली मुले त्या पेटीवरून नुसती नजर टाकून पुढे गेली नसती, अशी माझी खात्री आहे.

गंजिफांचे हे काम आज टिकून आहे ते सावंतवाडीच्या राजघराण्यामुळे. कला जवळजवळ लोपली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच चित्रकारांना हाताशी धरून पुन्हा सुरू केली. शिकवणाऱ्याचे नाव या एका प्रसंगात राहिले. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी रंगवलेले देव्हारे, चौरंग, पाट आणि पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी कितीतरी घरांत आणि संग्रहांत आहेत, पण त्यांच्यामागचा हात कोणाचा, हे सांगणारे कागद फारच थोडे आहेत.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या चित्रकथींची, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या परंपरेची, गोष्ट आणखी नाजूक आहे. ठाकर समाजाच्या कथेकऱ्यांकडे या चित्रांच्या पोथ्या असतात. एका पोथीत एक आख्यान, आणि दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी गात गात एकेक पान श्रोत्यांसमोर धरतो आणि ते उलटून पुढची कथा सांगतो. असे सुटे पान चौकटीत घालून भिंतीवर लावले, की मागचे चित्र कायमचे भिंतीकडे तोंड करून बसते आणि आख्यानाचा धागाही तुटतो. ही पाने दोन्ही बाजूंनी दिसतील अशी उभी काच लावून ठेवणे फार खर्चाचे नाही. पिंगुळीला परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि तिथे चित्रे, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्या त्यांच्या खेळासह पाहायला मिळतात. गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एका घराला जे साधले, ते शासनाच्या पैशावर चालणाऱ्या दालनांना साधायला हरकत नसावी.

देवळांतील लाकूडकामाबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. कोकणात जागोजागी जीर्णोद्धार चालू आहेत. वाळवी लागलेला, गळका कौलारू सभामंडप उतरवून स्लॅब घालण्याचा निर्णय गावकरी नाइलाजाने घेतात, त्यांना दोष देणे बरोबर नाही. आरवलीच्या (ता. वेंगुर्ला) वेतोबा या ग्रामदैवताची मूर्तीही पूर्वी फणसाच्या लाकडाची असे, आता ती पंचधातूची आहे. पण उतरवलेले कोरीव खांब, तुळया आणि कडेच्या नक्षीदार फळ्या देवळामागे पावसात पडून राहतात किंवा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातात. एकदा ते गावाबाहेर गेले, की ‘कोकणातील कोरीव खांब’ यापलीकडे त्यांची ओळख उरत नाही. निदान खांब उतरवण्याआधी जागेवरच त्यांची छायाचित्रे आणि मापे घेऊन, सुतारांच्या घराण्याची माहिती गावातूनच टिपून ठेवणारा एखादा माणूस जिल्ह्याच्या संग्रहालयाने पाठवायला हवा.

कारागिरी हा संग्रहालयाचा दुय्यम विषय आहे, असे मानण्याची आपली परंपराही नाही. मुंबईत १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय मुळातच हस्तकला आणि उद्योगांच्या वस्तूंभोवती उभे राहिले. भाऊ दाजी जन्माने गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे गावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. रत्नागिरीत तर ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० साली पूर्ण झालेल्या राजवाड्यातच प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या अर्धवर्तुळाकार नक्षीदार लाकडी खिडक्या हीच एक पाहण्यासारखी कलाकुसर आहे. इमारतीच्या लाकूडकामाचीही वस्तूंसारखीच स्वतंत्र नोंद झाली, तर ती फार मोलाची ठरेल.

आपल्या दमट हवेत लाख, कागद, कापड आणि लाकूड किती वेगाने खराब होते, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. वस्तू जपण्याला पैसा, यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात आणि त्याला वेळ लागेल, हे मान्य. नोंद करायला मात्र वही, कॅमेरा आणि चार चांगले प्रश्न पुरतात. संग्रहातील प्रत्येक लाखेच्या वस्तूसमोर सावंतवाडीच्या जाणत्या चितारी कारागिरांना बसवून, हा रंग कशाचा, ही वेलबुट्टी कोणत्या घरची, हे काम किती जुने असावे, असे विचारून ठेवले पाहिजे. हाताची वळणे ओळखणारी ही माणसे आता वयस्क झाली आहेत. पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाने स्थानिक महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेतले, तर हे काम पावसाळ्याच्या चार महिन्यांतही मार्गी लागू शकेल.

वाचकांनाही एक विनंती. माळ्यावरचा जुना चौरंग, लामणदिवा किंवा रंगीत पाळणा संग्रहालयाला देताना, अथवा विकतानाही, तो कोणत्या पिढीत, कोणाकडून आणि कशासाठी करून घेतला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे, तारीख घालावी आणि तो कागद वस्तूसोबतच द्यावा. घेणाऱ्याने तो नोंदवहीत चिकटवून त्याची पोच द्यावी, असा आग्रहही धरावा.

आपली,
एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)