उजनीचे ‘उणे’ गेले कुठे?

मा. संपादक,

कालच्या अंकातील धरणसाठ्याच्या आलेखात उजनीपुढे ‘१२ टक्के’ वाचून सोलापुरात अनेकांची समजूत झाली की पाणी अजून आहे. तो आकडा उणे १२ होता! उण्याची बारीक रेघ आलेखाच्या शून्यरेषेवरच छापली गेली आणि तिच्यात मिसळून गेली. उजनीची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. सुमारे ११७ टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचे, एरवी हिशेबात न धरले जाणारे पाणी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात आकडा शून्याखाली जाणे नेहमीचेच. मग शून्याखाली जागा का सोडली नाही? चिन्हावर भरवसा न ठेवता ‘उणे’ हा शब्दच अक्षरात छापायला हवा होता.

धरणांची नावेही उभ्या स्तंभांखाली फिरवून उभी छापली होती. देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर, उकार खाली. शब्द फिरवला की हे सगळे शेजारच्या नावात घुसते. स्तंभांऐवजी आडव्या पट्ट्या घ्या. नाव डावीकडे सरळ आणि आकडा पट्टीच्या टोकाशी, एवढ्याने निम्मी अडचण सुटते. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा थोडे जास्त अंतर मात्र ठेवावे लागते.

गेल्या वर्षीचे आकडे पिवळ्या रंगात कोणासाठी होते, कळले नाही. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचा काँट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) जेमतेम १.०७ : १ भरतो. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत लहान अक्षरांना किमान ४.५ : १ लागतो, आणि आपला कागद तर मुळात करडा. आकडे फक्त काळ्या शाईत छापा. रंगीत पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे सोडली, तर छपाईची एखाद्या रंगाची प्लेट केसभर सरकली तरी अनुस्वार बुजतो आणि ‘क्क’ भरून जातो. लाल-हिरव्याचा फरक न दिसणाऱ्यांसाठी कोपऱ्यातल्या रंगसूचीपेक्षा पट्टीशेजारीच ‘यंदा’, ‘गतवर्षी’ लिहिणे केव्हाही चांगले.

वेबसाइटवर हाच आलेख चित्र म्हणून चढवला आहे. मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी होतात आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. चित्राला त्याचे वर्णन सांगणारा पर्यायी मजकूर जोडा, खाली आकड्यांचा साधा तक्ता द्या.

आणि एका पानावर टीएमसी, दुसऱ्यावर दलघमी (दशलक्ष घनमीटर) हेही थांबवा. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी, हा गुणाकार वाचकाने का करत बसायचे? उजनीच्या आकड्याची दुरुस्ती उद्याच्या अंकात पहिल्या पानावर यावी, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर