पॅनेलसमोरची जागा आधी मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यात विजेच्या पॅनेलला आग लागल्याची किंवा काम करताना कोणी भाजल्याची बातमी येते, तेव्हा कारण म्हणून बहुतेक वेळा ‘शॉर्टसर्किट’ एवढा एकच शब्द असतो आणि चौकशी तिथेच थांबते. औद्योगिक विद्युत देखभालीत उमेदीची सगळी वर्षे काढलेला मी एक निवृत्त पर्यवेक्षक आहे. अशा प्रत्येक घटनेत आणखी एक प्रश्न विचारला जावा, असे मला कळकळीने वाटते. ज्या पॅनेलवर काम चालले होते, त्याच्या पुढे आणि मागे माणसाला उभे राहायला, वाकायला आणि वेळ आली तर पळायला किती जागा होती?

ही जागा सोडणे कोणाच्या मर्जीवर ठेवलेले नाही. स्विचबोर्डासमोर, म्हणजे अशा पॅनेलसमोर, किमान १ मीटर जागा मोकळी असली पाहिजे, ही अट भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांतही ती कायम राहिली. याच नियमाचा मागच्या बाजूविषयीचा भाग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. बोर्डाच्या पाठीमागे उघड्या जोडण्या असतील, तर तिथली जागा एक तर २० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाही तर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. मधले कोणतेही माप चालत नाही. शिवाय हे अंतर पॅनेलच्या पत्र्यापासून नव्हे, तर सर्वांत बाहेर आलेल्या भागापासून मोजायचे असते. नव्याने कामाला लागलेली मुले हे ऐकून चक्रावत. वीस चालते आणि पन्नास का चालत नाही, असे ती विचारत. मी त्यांना एवढेच सांगत असे की, वीस सेंटिमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही, पन्नासच्या फटीत तो अंग चोरून शिरतो. आत गेल्यावर त्याला वळता येत नाही, कोपर मागे नेता येत नाही आणि धक्का बसला तर बाजूला कोसळायलाही जागा उरत नाही. तो समोरच्या उघड्या बसबारवरच, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीवरच टेकतो. त्याला ओढून काढायला जाणाऱ्यालाही त्याच फटीतून जावे लागते. म्हणूनच जागा ७५ सेंटिमीटरहून जास्त असेल, तर १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट असावी, असेही नियम सांगतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत हाच विचार आणखी बारकाईने केलेला आहे. जमिनीच्या तुलनेत १५० व्होल्टपेक्षा अधिक आणि ६०० व्होल्टपर्यंत दाब असलेल्या उपकरणासमोर, पलीकडच्या बाजूला विद्युतभारित किंवा अर्थ झालेले (जमिनीशी विजेचा जोड असलेले) काही नसेल तर ३ फूट, अर्थ झालेला पृष्ठभाग असेल तर साडेतीन फूट आणि दोन्ही बाजूंना उघडे विद्युतभारित भाग असतील तर ४ फूट अंतर सांगितले आहे. विटांची, काँक्रीटची किंवा फरशी लावलेली भिंत त्या हिशेबात अर्थ झालेलीच धरतात. आपल्याकडे भिंतीला पाठ टेकून काम करणे माणसाला सुरक्षित वाटते. पण बोट फेजच्या चालू तारेला आणि घामाने भिजलेली पाठ भिंतीला, अशा अवस्थेत प्रवाहाची वाट थेट छातीतून जाते. शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात. १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताची पकड सोडवता येईनाशी होते.

धक्क्याइतकाच आर्क फ्लॅशचाही, म्हणजे ठिणगीतून अचानक भडकणाऱ्या विजेच्या ज्वाळेचाही धोका असतो. त्या ज्वाळेचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त जाऊ शकते. तिच्या उष्णतेची गणिते मांडताना कमी दाबाच्या, मोटारी चालू-बंद करणाऱ्या मोटर कंट्रोल पॅनेलसाठी माणसाची छाती आर्कपासून साधारण ४५५ मिलिमीटरवर आहे असे धरतात आणि त्यावरून संरक्षक पोशाख ठरवतात. अडचणीच्या जागेत उभा असलेला माणूस त्याहून जवळ असतो, म्हणजे कागदावर पुरेसा ठरलेला पोशाखही त्याला अपुरा पडतो.

एका कारखान्यातला प्रसंग आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ४१५ व्होल्टच्या पॅनेलसमोर कच्च्या मालाच्या गोण्यांची थप्पी लागली होती आणि फीडरचे, म्हणजे एका यंत्राला वीज देणाऱ्या कप्प्याचे दार जेमतेम अर्धे उघडत होते. शटडाऊन त्या एका फीडरपुरताच होता, मागचा बसबार चालू होता. आमचा फिटर आडवा उभा राहून, डावा खांदा थप्पीला लावून आणि बॅटरी मान व खांद्यामध्ये दाबून काँटॅक्टरचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) स्क्रू आवळत होता. हात फिरवताना कोपर गोणीला अडले, पेचकस सटकला आणि लखकन उजेड झाला. तो मागे झेपावला, पण गोण्यांवर आदळून पुन्हा पॅनेलकडेच ढकलला गेला. तो वाचला, उजव्या हाताच्या दोन बोटांची पकड मात्र कायमची गेली. काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, म्हणजे परमिटवर, सही माझी होती. थप्पी मी पाहिली होती आणि दहा मिनिटांचे काम आहे म्हणून ती हलवायला सांगितली नव्हती.

नकाशावर ही जागा जवळजवळ नेहमीच असते. पुढे ती हळूहळू खाल्ली जाते. आज तिथे एक कपाट येते, उद्या भंगार केबलचे ड्रम येतात, मग पॅनेलला एक नवा कप्पा जोडला जातो आणि समोरची भिंत जिथल्या तिथेच राहते. पॅनेल बंद दारांनिशी मोजण्याची चूकही सर्रास होते. ब्रेकर (वीज तोडणारा मोठा स्विच) रॅक आऊट करून, म्हणजे कप्प्यातून बाहेर ओढून, ट्रॉलीवर घेतला आणि दार पूर्ण उघडे ठेवले, तर मागे किती वाट उरते, हे मोजायला हवे. खोलीचे दार बाहेरच्या बाजूला, नुसत्या धक्क्याने उघडायला हवे, कारण भाजलेल्या हाताने कडी काढता येत नाही.

उत्पादनासाठी जागा कमी पडते, ही व्यवस्थापनाची अडचण मला समजते. तरीही जमिनीवर पिवळा पट्टा मारून त्याच्या आतली जागा नावानिशी एका माणसाच्या ताब्यात द्यावी, आणि तिथे काही ठेवलेले असेल तर परमिट थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा, असा माझा आग्रह आहे. आपल्या बातमीदारांनाही विनंती आहे की, पुढच्या अपघाताची माहिती घेताना त्यांनी पॅनेलपासून समोरच्या वस्तूपर्यंतचे अंतर विचारून घ्यावे आणि तो आकडा बातमीत छापावा.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक