मालगाडीच्या इंजिनांची आठवण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

16 एप्रिलच्या अंकात आपण 1853 च्या बोरीबंदर-ठाणे गाडीवर लेख छापलात, आनंद झाला. साहिब, सिंध, सुलतान ही तिच्या इंजिनांची नावं माझ्या नातवालाही पाठ आहेत. पण त्यानंतर वर्षानुवर्षं कापसाच्या गाठी बंदरावर आणणाऱ्या मालइंजिनांबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, याची खंत वाटते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचे लाकडी नमुने, बनवले, त्यामुळे माझी नजर आधी चाकांवर जाते. प्रवासी गाडीला वेग हवा म्हणून तिच्या इंजिनाचं चाक मोठं. मालइंजिनाचं चाक लहान. पिस्टनच्या एका फेरीत गाडी थोडीच सरकते, पण ओढ जबरदस्त. त्या काळच्या बऱ्याच मालइंजिनांना सहाच चाकं असत आणि ती सगळी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. त्यामुळे इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर येई आणि रुळावर पकड बसे. 1863 मध्ये मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट रेल्वेला खुला झाला, तिथे 37 फुटांना एक फूट चढ! त्यासाठी बॉयलरवरच पाण्याची टाकी बसवलेली खास इंजिनं आणावी लागली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

कोल्हापुरात 1891 मध्ये रेल्वे आली ती मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली. वडील मालधक्क्यावर हमाल होते. गुळाचे रवे इथं चढवायचे, पुण्याला उतरवून पुन्हा ब्रॉडगेजच्या, म्हणजे जास्त रुंद रुळांवरच्या, डब्यात भरायचे. 1971 ला रूळ बदलेपर्यंत हेच चाललं. एका पावसाळी सकाळी भरलेली गाडी हलेना. चाकं जागच्या जागी गरगर फिरली, धुराड्यातून धाडधाड वाफ सुटली. मग ड्रायव्हरनं चाकांपुढे वाळू सोडली आणि गाडी इंचाइंचानं निघाली. इंजिन मीटरगेजचं होतं, पण तत्त्व तेच.

आपल्या स्टेशनावर अशा जुन्या ब्रॉडगेज मालइंजिनाची, पोरांना हातानं चाकं फिरवून बघता येईल अशी प्रतिकृती हवी. ओतकाम करणारं गाव आहे आपलं, बाहेरून काही आणायची गरज नाही. आपण हा विषय लावून धरावा. चाकांचे पॅटर्न मी करून देईन. सागाचं लाकूड घरात पडून आहे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, कोल्हापूर