आजी, खिडकीचं उत्तर देते

लाइपझिग,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. आजी, आई आणि बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, तब्येत उत्तम आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. एवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र आई शांतपणे वाचेल.

दादा, हे पत्र आजीला मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखव. फोनवर तिला माझं निम्मं बोलणं ऐकू जात नाही. ती काही विचारते आणि मी "आजी, नंतर सांगते" म्हणून फोन आईकडे द्यायला सांगते. गेल्या रविवारी ती म्हणाली, "नंतर म्हणजे कधी गं?" ते शब्द आठवडाभर डोक्यातून गेले नाहीत. आज सुट्टी आहे, इथे रविवारी दुकानंही बंद असतात, तेव्हा चहा घेऊन बसलेय आणि तिच्या एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिते आहे.

आधी खिडकी, कारण त्यावरून आईची झोप उडालेली आहे. व्हिडिओवर तुम्ही पाहिलंत की बाहेर बर्फ पडलेलं, तापमान उणे तीन, मी कानटोपी घालून बसलेली आणि खिडकी सताड उघडी. आई, मी हलगर्जीपणा करत नव्हते. इथे घरोघर हेच चालतं. याला 'ल्युफ्टन' म्हणतात, म्हणजे घरात हवा खेळवणं. सकाळी उठल्यावर, संध्याकाळी कामावरून आल्यावर आणि झोपण्याआधी पाच ते दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची आणि मग घट्ट लावायची. थंडी कितीही असो. माझ्या भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलेलं आहे. मलाही आधी हे वेडेपणाचं वाटायचं, म्हणून गेल्या हिवाळ्यात या खोलीत राहायला आले तेव्हा मी खिडकी जवळजवळ उघडतच नव्हते. फार तर ती कलती करून ठेवायची. इथल्या खिडकीची मूठ खाली असली की खिडकी बंद, आडवी केली की ती दारासारखी उघडते आणि वर केली की वरच्या बाजूने आत कलते, चार बोटांची फट राहते. मला वाटायचं, दिवसभर एवढी फट असली की झालं.

एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी काहीतरी द्यायला वर आल्या. आपल्या आजीच्याच वयाच्या असतील. दारात उभ्या राहून त्यांनी नाक ओढलं, सरळ आत आल्या, माझं कपाट वीतभर पुढे ओढलं आणि माझा हात धरून बोट मागच्या कोपऱ्यात भिंतीला लावलं. भिंत ओली आणि गार होती. खाली वाकून पाहिलं तर काळे काळे ठिपके, तिळासारखे. बुरशी. मला एवढी लाज वाटली की विचारू नका. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खिडकीची मूठ आडवी केली, झडप पूर्ण उघडली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं आम्ही दोघी कुडकुडत उभ्या होतो.

आता आजीचा प्रश्न. "अगं, बाहेर पाऊस नाहीतर बर्फ, आणि खिडकी उघडल्यावर घर कोरडं कसं होईल?" आजी, अगदी हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि उत्तर कळलं तेव्हा इतका आनंद झाला की ते कुणाला सांगू असं झालं. आपल्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी आहे ना, ती रिकामी आहे आणि तिच्यात फक्त हवा आहे असं समज. ती हवा शून्य अंशाला थंड असेल, तर वाफेच्या रूपात तिच्यात जास्तीत जास्त ५ ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे एक चमचा. हवा २० अंशांची असेल तर १७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीन चमचे. आणि आपल्याकडच्या जुलैतली, २८ अंशांची हवा असेल तर २७ ग्रॅम, पाच चमच्यांहून जास्त. हवा जितकी गरम, तितकं तिच्यात जास्त पाणी मावतं.

रात्रभर मी खोलीत झोपते, श्वास सोडते, त्याआधी भात शिजवलेला असतो, अंघोळ झालेली असते. ती सगळी वाफ हवेत. सकाळी टाकीभर हवेत दोनेक चमचे पाणी असतं. बाहेर कितीही पाऊस पडत असला तरी शून्य अंशाच्या हवेत एका चमच्याहून जास्त पाणी असूच शकत नाही. मी खिडकी उघडते, दोन चमचेवाली हवा बाहेर जाते, एक चमचावाली आत येते. खिडकी लावल्यावर ती आत तापते. पाणी तेवढंच, एकच चमचा, पण आता जागा साडेतीन चमच्यांची. ती हवा तहानलेली होते, आणि भिंतीचा, कपाटामागचा, चादरींचा ओलावा शोषून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन आठवड्यांत माझा कोपरा कोरडा झाला. ठिपके मी पुसून काढले ते परत आले नाहीत.

आणि कलत्या खिडकीने काम का बिघडलं? तिच्यातून हवा नीट बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत मात्र दिवसभर गार पडत राहते. गार भिंतीला लागलेली हवा थंड होते, तिच्यात पाणी मावेनासं होतं आणि ते तिथेच भिंतीवर बसतं. माठ बाहेरून ओला होतो तो पाझरतो म्हणून, पण फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला घाम येतो, तो हाच.

बाबा, तुमचा प्रश्न होता की अशाने गरम करायचा खर्च वाढत नाही का. भिंतीला गरम पाण्याचा रेडिएटर आहे, त्याच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. मी ३ वर ठेवते, त्यावर खोली साधारण २० अंश राहते. खिडकी उघडण्याआधी चकती बंद करायची, नाहीतर गार वारा लागला की तिला वाटतं खोली थंड पडली आणि ती गरम पाण्याची वाट पूर्ण उघडते. माझ्या खोलीत ३५ घनमीटर हवा आहे, तिचं वजन जेमतेम ४२ किलो. भिंती, फरशी, पलंग, कपाट यांचं वजन काही टन आहे, आणि ऊब त्यांच्यात साठलेली असते. पाच मिनिटांत फक्त हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. म्हणून खिडकी लावली की दहा मिनिटांत खोली पुन्हा उबदार. तासन्‌तास फट ठेवली तर मात्र भिंतीही गार होतात आणि खर्च तिथेच होतो. शिवाय तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घरमालकाकडे आहे. बुरशी माझ्या चुकीने झाली असं ठरलं तर त्यातून पैसे कापले जाऊ शकतात. म्हणजे मी खिडकी उघडते तेव्हा पैसे वाचवत असते.

आई, आता माझ्या फाटलेल्या ओठांचं कारणही तुला याच्यातच मिळेल. तू म्हणालीस, पाणी पीत नसशील, तूप खात नसशील. दोन्ही करते. पण ती तहानलेली हवा भिंतीचं पाणी घेते तसं ओठांचंही घेते. रात्री दोरीवर टाकलेले कपडे सकाळी खडखडीत वाळतात तेही त्यामुळेच, तेव्हा ओले कपडे घालून जात असेन ही काळजी सोड. आणि दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो असं मी म्हणाले होते, तर वायरिंगमध्ये काही बिघाड नाही. कोरड्या हवेत अंगावर साठलेली वीज हळूहळू निघून जात नाही, ती धातूला हात लावल्यावर एकदम निघते. मी बारीक झालेली नाही, तो कॅमेरा वरून धरल्याचा परिणाम आहे.

छकुलीने विचारलं होतं, "आत्या, तळ्यावर बर्फ झालं तर मासे मरतात का?" राणी, मरत नाहीत. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. ते तळाशी जाऊन बसतं. त्याहून थंड पाणी हलकं, ते वर राहतं आणि वरच गोठतं. बर्फ त्याहूनही हलकं, ते तरंगतं आणि खालच्या पाण्यावर दुलईसारखं पसरतं. मासे त्या दुलईखाली, तळाशी, फारशी हालचाल न करता हिवाळा काढतात. काल बागेतल्या तळ्यावर बदकं बर्फावरून घसरत चालत होती, त्याचा व्हिडिओ दादाला पाठवते.

आजीचा दुसरा मोठा प्रश्न संक्रांतीचा. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, तर तुझ्याकडेही तसंच का? आजी, इथे डिसेंबरात चारच्या सुमारासच सूर्य मावळत होता, पण २१ डिसेंबरपासून दिवस वाढायला लागला आहे. खरं तर आपल्याकडेही तेव्हापासूनच वाढतो. मग संक्रांत नंतर का येते? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलकी पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. संक्रांत आपण ताऱ्यांवरून मोजतो, म्हणून ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सगळ्यात लहान दिवस आणि संक्रांत एकत्रच येत. म्हणजे ती म्हण खरीच होती, ती तेव्हापासून चालत आली आहे. मला हे वाचून भरून आलं. फक्त इथे तीळ मोठे आहेत. मार्चमध्ये आपल्याकडे दिवस रोज मिनिटभर वाढतो, इथे जवळजवळ चार मिनिटं.

बाबा, तुमच्या आणि इथल्या घड्याळातल्या साडेचार तासांच्या फरकातला तो अर्धा तास कुठून येतो, तेही पाहिलं. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची वेळ मोजतात साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या रेषेवरून, जर्मनीची १५ अंशांच्या. ती रेषा आमच्याच राज्यात पूर्वेला गोर्लिट्झ गावातून जाते. वजाबाकी साडेसदुसष्ट, भागिले पंधरा, साडेचार. ३० मार्चला इथली घड्याळं तासभर पुढे जातील. १९१६ साली युद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने ही पद्धत सुरू केली, मधे बंद होती, १९८० पासून परत आहे. तेव्हा त्या दिवसापासून माझा फोन रात्री आठला नाही, सातला येईल. जेवायला थांबू नका.

आता बाकीचं. कंपनीने माझा करार दोन वर्षांनी वाढवला आहे. मी हो म्हटलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण दोन दिवसांत उत्तर द्यायचं होतं आणि तेव्हाच आजी बाथरूममध्ये पडल्याचं तुम्ही मला आठ दिवसांनी सांगितलंत. मी इथून काय करणार होते, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. तरी पुढच्या वेळी त्याच दिवशी सांगा, मध्यरात्र असली तरी. या पगारावर शिक्षणाचं कर्ज ऑगस्टपर्यंत फिटेल. आजीच्या कानाच्या यंत्रासाठी साठ हजार पाठवले आहेत, ते परत करायची भाषा बाबांनी करू नये. एप्रिलला येणार म्हणाले होते ते जमणार नाही. पुढच्या फेब्रुवारीत तीन आठवडे येते, रजा आत्ताच मागून ठेवली आहे.

मामाने आणलेल्या स्थळाला कृपा करून नाही कळवा, संक्रांतीच्या आत. मुलात काही खोट नाही, चांगली माणसं वाटली. पण मी दोन वर्षं परतणार नाही आणि त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. आई, तू आडून आडून विचारतेस म्हणून सरळ लिहिते, इथे माझं कुणाशी काही जमलेलं नाही. जमलं तर तुलाच पहिल्यांदा सांगेन. मामाला राग येईल, त्याला मी स्वतः फोन करते, तुम्ही माझ्यासाठी बोलणी खाऊ नका.

तिळगूळ माझ्या वाटचा छकुलीला द्या. आजीला आणि तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. दादा, कानाच्या यंत्राच्या बारीक सेलवर रंगीत स्टिकर असतो, तो आधीच काढून ठेवू नकोस. त्याखाली भोकं असतात, त्यातून हवा आत गेली की सेल चालू होतो आणि मग वापरला नाही तरी संपत जातो. स्टिकर काढून मिनिटभर थांब, मग यंत्रात घाल, आणि पहिल्या दिवशी आजीला यंत्र लावलं की मला फोन लाव.