गावाकडे कॅमेरा घेऊन येणाऱ्यांसाठी, आणि ते फोटो छापणाऱ्यांसाठीही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की आपल्या रविवार पुरवणीत वाचकांनी काढलेले निसर्गाचे फोटो येऊ लागतात. त्यात कोकणातले फोटो दरवर्षी वाढताहेत. पाठवणारे बरेचसे मुंबई-पुण्यात वाढलेले आणि गणपती-शिमग्यापुरते गावी येणारे असतात, हे फोटोखालच्या मजकुरावरून सहज कळतं. आपलं मूळ गाव धुंडाळावं आणि जमलं तर भटकंतीचे, निसर्गाचे छायाचित्रकार व्हावं, अशी ही दुहेरी हौस आहे. हौस चांगलीच आहे, पण तयारी तोकडी पडते आणि त्याचा भुर्दंड गावाला आणि रानाला बसतो. कॅमेरा आणि कोकणातली जुनी दप्तरं या दोन्हींशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक मत स्पष्ट मांडतो. नवा कॅमेरा घेतला की पहिली सहल लडाखची, असा प्रघात पडलाय. शिकायला मूळ गाव त्याहून कितीतरी चांगलं. एकच सडा, म्हणजे कातळाचं माळरान, जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, ऑक्टोबरात आणि जानेवारीत पाहता येतो, आणि निसर्गछायाचित्रणात कसब येतं ते असं परत परत जाण्यातूनच. पहिल्या पावसानंतर रत्नागिरीच्या कातळावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ती जुलै सरेपर्यंत संपलेली असतात. गणपतीत येणाऱ्याला त्याच जागी सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा दिसतो. जानेवारीत तिथे फक्त पिवळं गवत आणि उघडा कातळ. ही तीन चित्रं एकाच जागेवरून, एकाच लेन्सने काढलेली असली तर त्यांना किंमत आहे.

गावच माहीत नसेल, तर सुरुवात कागदापासून करावी. घरातल्या जुन्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' असलं म्हणून आजच्या रत्नागिरीत शोधत बसू नये. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची गावं त्याआधीच्या कागदांत रत्नागिरीतच असतात. सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होतं. आजचा रायगड जुन्या कागदांत कुलाबा म्हणून सापडतो. गावाइतकंच वाडीचं नाव मिळवा, कारण कोकणात माणूस वाडीवरून ओळखला जातो. जमिनीचा माग जुन्या सातबाऱ्यावरून आणि फेरफार नोंदवहीवरून, म्हणजे गाव नमुना ६ वरून लागतो. माणसांचा माग लागतो गाव नमुना १४ मधून. हेच ते 'कोतवाल बुक', जन्म-मृत्यूच्या नोंदींचं. जुन्या नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाने स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत, तहसिलीत जाण्याआधी तिथे बघावं. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. त्यांना नुसतं आडनाव सांगून भागत नाही. मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं सांगितली की वही निघते.

मॉरिशसहून येणाऱ्या मराठी मंडळींची वाट थोडी वेगळी आहे. १८३४ नंतर तिथे गेलेल्या गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नोंदीत क्रमांक, बापाचं नाव, जहाज आणि बऱ्याचदा गावही मिळतं. गाव मात्र कारकुनाने कानाला लागेल तसं रोमन लिपीत उतरवलेलं असतं. ते कोकणातल्या म्हाताऱ्या माणसासमोर मोठ्याने दोन-तीन तऱ्हांनी वाचून दाखवलं, तर नकाशात डोकावण्याआधीच उलगडा होतो.

कागद हाती आला की त्याचा फोटो घाईत काढू नये. कागद खिडकीशेजारी सपाट ठेवा आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, म्हणजे प्रकाश दोन्हीकडून सारखा पडतो. फ्लॅश बंद. कॅमेरा तिपायीवर, कागदाला अगदी समांतर, एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. फोनच असेल तर वाइड लेन्स टाळा, कडा वाकतात. थोडं लांब जाऊन दुप्पट झूमवर काढा. कागदाच्या कडेला पट्टी ठेवा, मागची कोरी वाटणारी बाजूही घ्या. घड्यांवर इस्त्री फिरवणं, सेलोटेप लावणं आणि हौसेने लॅमिनेशन करणं, या तिन्हींनी वाळवीइतकंच नुकसान होतं.

भिंतीवरच्या जुन्या तसबिरींचं तर वेगळंच दुखणं. कोकणच्या दमटपणात फोटोचा थर काचेला चिकटलेला असतो. चौकट उघडून फोटो ओढला, की पणजोबांचा चेहरा काचेवर राहतो आणि हातात येतो नुसता कागद. कुठे चिकटलंय ते तसबीर तिरकी धरून बघा. चिकटलेल्या जागी काचेआड ओलसर, चकचकीत डाग दिसतो. तसा डाग असेल तर काचेतूनच फोटो काढावा: तसबीर खिडकीला काटकोनात ठेवायची, काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढायची, म्हणजे काढणाऱ्याचं आणि खोलीचं प्रतिबिंब काचेत येत नाही. उरलेली चमक तसबीर खिडकीपासून थोडी हलवून घालवता येते. सुटा फोटो असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन पुरे.

आता देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राई, देवराई. तिथली झाडं आणि आपले पूर्वज यांचा संबंध कुठल्याही वंशावळीइतका पक्का आहे, पण 'आम्ही इथलेच' म्हटल्याने परवानगी मिळाली असं होत नाही. गुरव, गावकर, मानकरी यांना आधी भेटावं. काही गावांत देवाचा कौल घेतल्याशिवाय हो-नाही सांगत नाहीत, तेवढं थांबावं. चपला कुठे काढायच्या, गाभाऱ्याचा फोटो चालतो का, कोणत्या भागात बायकांनी किंवा परक्यांनी जायचं नाही, हे विचारून घ्यावं. पटो न पटो, कॅमेरा हातात असताना वाद घालायची ती जागा नव्हे. मोडलेली फांदीसुद्धा बाहेर आणायची नसते, आणि राई टिकली ती याच धाकामुळे. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल अशीच देवराईच्या आसऱ्याने वाचली.

राईत उजेड वाटतो त्याहून फार कमी असतो. श्रावणातल्या ढगाळ दुपारी आयएसओ ४००, एफ/८ ला पाव सेकंद लागतो. ओल्या पानांवरची चमक मारायला पोलरायझर (चमक घालवणारा फिल्टर) लावला की पावणेदोन-दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड जेमतेम पावपट उरतो आणि जवळजवळ एक सेकंद लागतो. तिपायीशिवाय तिथे काही होत नाही, आणि वारा असेल तर तिपायीनेही होत नाही, थांबावंच लागतं. पानांतून दिसणारं आकाश चौकटीत घेतलं की तिथे पांढरी भोकं पडतात. कॅमेरा खाली झुकवून बुंधे, मुळं, गारंबीचे वेल यांवर ठेवा. झाड ओळखायचं तर एका फोटोवर भागत नाही. अख्खं झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल किंवा फळ, इतकं हवं. नाव वाडीतल्या जाणत्याने सांगितलं तसंच टिपून घ्या, शास्त्रीय नाव मागून शोधता येतं.

सड्यावरच्या कातळशिल्पांबद्दल, म्हणजे जमिनीलगतच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांबद्दल, आम्हाला जरा चिडूनच लिहावं लागतंय. कशेळी, उक्षी, बारसू, देवीहसोळ, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ यांसारख्या ठिकाणांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला आणि माणसांची रीघ लागली. रेषा फोटोत उठत नाहीत म्हणून त्यांत खडू, चुना, रांगोळी भरणारे महाभाग निघाले. रेषा उठत नाहीत त्या भर दुपारी गेल्यामुळे. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास गाठा, ऊन आडवं आलं की बोटभर खोल खाचही सावलीने भरते. तोही वेळ साधत नसेल, तर अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीपासून १०-१५ अंशांवर, आडवी धरून काढा. वीरगळ (वीरांच्या स्मरणशिळा) आणि झिजलेले शिलालेख यांनाही हीच युक्ती लागू, तिथे तेल-पीठ फासायचं कारण नाही. मोठी चित्रं उभ्याने मावत नाहीत. चार-पाच मीटरच्या काठीला कॅमेरा बांधून वरून तुकड्यातुकड्याने घ्यावीत, शेजारच्या दोन तुकड्यांत एक तृतीयांश भाग सामाईक ठेवावा आणि नंतर जोडावेत. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशावर ती जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते बघणं तुमचंच काम. देवाचे गोठणे इथल्या शिल्पावर होकायंत्र भरकटतं, तेव्हा तिथली दिशा सूर्यावरून नोंदवावी. आणि चित्रावर पाय देऊ नका, हे अजूनही लिहावं लागतं.

आंबोलीत पावसाच्या रात्री जे चालतं ते तर धड फोटो बघणाऱ्याला लगेच ओळखू येतं. बेडूक फांदीवर 'पोझ' देऊन बसलाय, अंगावर एकसारखे थेंब, आजूबाजूच्या पानांवर मात्र एकही नाही. म्हणजे बेडूक उचलून ठेवलाय आणि वर फवारा मारलाय. मच्छरांचं मलम लावलेल्या हाताने उचलला असेल, तर ते त्याच्या कातडीतून आत जातं. आंबोली टोड जगात फक्त त्याच परिसरात आहे, आणि त्याची अंडी कातळावरच्या चार बोटं पाण्यात असतात. बूट जपून टाका. हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडातला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा मासा शास्त्राला २०२० मध्ये नवा कळला. त्या कुंडात हात किंवा दिवा घालून फोटो काढायचा नाही. अभयारण्यात शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवाना लागतो, आणि 'मूळ गाव इथलंच' एवढ्यावर तो सुटत नाही.

कॅमेऱ्याबद्दलही थोडं. कोकणच्या पावसाळ्यात लेन्स आठवडाभर बॅगेत राहिली तर बुरशी धरायला तेवढं पुरतं, आणि ती काचेच्या लेपात एकदा रुजली की पुसून जात नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढी व्यवस्था घरी होते. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा, ६० च्या वर गेला की जेल बदला. निळं जेल गुलाबी झालं की संपलं. ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दीड-दोन तास तापवून परत निळं होतं, पण ते भांडं मग स्वयंपाकाला वापरू नका. एसी गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. समुद्रावरून आल्यावर तिपायीचे सांधे गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं तर पुढच्या गणपतीला ते उघडणार नाहीत.

शेवटी आपल्याकडे मागणं आहे, संपादक महोदय. वाचकांचे फोटो मागवताना तारीख, तालुका आणि 'प्राणी हलवला का, काही फवारलं का' या प्रश्नाचं उत्तर सक्तीचं करावं. खडू भरलेलं कातळशिल्प कितीही सुबक दिसलं तरी छापू नये. दुर्मीळ ऑर्किड, सरडे, घरटी यांच्या फोटोखाली तालुक्यापुढचा पत्ता नको. फाइलमध्ये लपलेलं जीपीएससुद्धा संकेतस्थळावर टाकण्याआधी काढून टाकावं, चोरांना तेवढं पुरतं. देवरहाटीच्या फोटोखाली मात्र गावाचं, वाडीचं नाव आणि तारीख ठळक छापा. रस्ता रुंद करायला किंवा लाकडासाठी राईला हात लागला, तर तिथे आधी काय उभं होतं हे दाखवायला गावकऱ्यांकडे बहुतेक वेळा दुसरा कागद नसतो.

आपले,
छायाचित्रण आणि मोडी लिपीचे काही अभ्यासक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग