लाल चिखलातला मर्फी

क्रेडिटन, डेव्हन, इंग्लंड
१० जानेवारी

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आप्पांनी विचारलं, "एवढ्या हिरव्यागार कुरणात घोड्याला लोळायला चिखल मिळतो कुठून?" तेव्हा आवाज तुटत होता, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं शेवटी आहेत. आधी आप्पांना घोड्याचं सांगू दे.

मी पाठवलेले फोटो जूनमधले होते. ऑक्टोबर उलटला की इथलं रूप बदलतं. आपल्यासारखा धो धो पाऊस नाही, पण रिपरिप लागते ती थांबतच नाही आणि जमीन वाळायला ऊनच मिळत नाही. सध्या सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधारून येतं. कुरणाचं फाटक म्हणजे तर निव्वळ राडा. चाऱ्याच्या आशेने सगळे घोडे तिथेच गोळा होतात आणि पाय तुडवत उभे राहतात. गवत केव्हाच नाहीसं झालंय, गमबूट घोट्याच्या वरपर्यंत आत जातो.

आणि माती लाल आहे, आप्पा. थेट दस्तुरी नाक्यावरच्या वाटेसारखी लाल. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला भरून आलं होतं. आपल्या माथेरानची लाली जांभ्याची, पावसाने आणि उन्हाने कातळ झिजून झालेली. इथली त्याहून फार जुनी. २५ कोटी वर्षांपेक्षाही आधी हा सगळा भाग वाळवंट होता, तेव्हाच्या वाळूतलं आणि खड्यांतलं लोह गंजून हा रंग आलाय. दोन्हीकडे लोहच, पण इथली माती ओली झाली की जास्त चिकट होते.

अशा मातीत आपला मर्फी पांढराशुभ्र. कॉनेमारा जातीचा आहे, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकाळ, दलदलीच्या भागातला. उंचीला आपल्या घोडीपेक्षा, राणीपेक्षा, थोडाच मोठा, पण अंगाने भरलेला, वजन ४०० किलोच्या आसपास. वय १७. त्याच्या कागदपत्रांत जन्माचा रंग काळपट लिहिलाय, असे घोडे वर्षागणिक पांढरे होत जातात हे तुम्हाला माहीतच आहे. इथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो, आणि मानेत बारीक चिप बसवणं २०२० पासून कायद्याने सक्तीचं आहे. चिप वाचायचं यंत्र मानेवर धरलं की नंबर उमटतो.

सकाळी मी त्याला तबेल्यातून काढून कुरणात सोडते. दोर काढला की तो आधी चरायला जात नाही. मान खाली घालून जमीन हुंगत हुंगत ठरलेल्या जागी जातो, ओढ्याकडच्या उतारावर. पुढच्या पायाने दोन-तीनदा खरवडतो, जागेवरच एक गिरकी घेतो, मग गुडघे मोडून धप्पकन खाली. आधी गाल आणि मान घासतो, अगदी कानामागची जागा सोडत नाही. मग पाठीवर येतो, चारी पाय वर, आणि कण्हल्यासारखा सुखाचा आवाज काढतो. एका कुशीवर झालं की पाठीवरून पलटी मारून दुसरी कूस. सगळं झालं की पुढचे पाय रोवून, मागचा भाग उचलून उभा राहतो आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत असा झटकतो की दहा पावलांवर उभ्या माणसाच्या तोंडावर चिखल. त्याने जागा सोडली की बाजूची घोडी त्याच जागी येऊन लोळते, मग तिसरा. सगळे आपापली पाळी येईपर्यंत थांबून असतात.

आप्पा, तुमचा नियम होता: खोगीर उतरलं की आधी घोड्याला लोळू द्यायचं, मग पाणी, मग चंदी. पर्यटक कितीही घाई करोत, तुम्ही तो मोडला नाहीत. "त्याची पाठ मोकळी होऊ दे," म्हणायचात. इथे येऊन मला तो नियम जास्त पटलाय. घामाची खाज, जुने केस, माश्या या सगळ्यांवर घोड्याचा स्वतःचा उपाय तोच आहे. वाळलेल्या चिखलाच्या थरातून माशी चावत नाही. वसंतात हिवाळ्याचे केस गळायला लागतात तेव्हा तर दिवसातून कितीदा लोळतात.

पण इथल्या सगळ्यांना ते पटत नाही. मर्फीची मालकीणबाई सत्तरीच्या पुढची आहे. कमरेच्या ऑपरेशननंतर तिला खाली वाकता येत नाही, म्हणून मला ठेवलंय. ती रोज दुपारी येते, खुर्ची टाकून बसते आणि त्याला बघते. तिला तबेल्यातली माणसं सांगायची, पांढरा घोडा हिवाळाभर आत ठेवा, नाहीतर कानापासून शेपटीपर्यंत झूल घाला, बघवत नाही तो अवतार. मला हे ऐकून राग येतो. घोडा काय दिवाणखान्यातली वस्तू आहे? दिवसभर कोंडून ठेवला की त्याचे पाय सुजतात, तो दारात उभा राहून डावीकडे-उजवीकडे डुलत बसतो. आपण दावणीला बांधून ठेवलेल्या घोड्यांचं असंच होताना पाहिलंय. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, घाणीची काळजी माझ्यावर सोडा, त्याला बाहेर जाऊ द्या. त्यांनी ऐकलं.

आता ही काळजी कशी घेते ते सांगते, कारण तुम्ही मला पहिलं हेच विचारणार. संध्याकाळी आत आणल्यावर मी त्याला धूत नाही. नव्या मुलींना वाटतं पाइप लावून धुतला की काम झालं. पण थंडीत घोड्याच्या उभ्या राहिलेल्या केसांत हवा अडकते, तीच त्याची ऊब. ते केस भिजून चपटे बसले आणि त्यातलं तेल निघून गेलं की तो रात्रभर कुडकुडतो. म्हणून चिखल वाळू द्यायचा. सकाळपर्यंत त्याची खपली होते, मग रबरी खरारा गोल गोल फिरवला की धूळ होऊन उडते. लाल धूळ, माझ्या भुवयांपर्यंत. मग ताठ केसांचा ब्रश, पण पोटाखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला हातानेच. मालकीणबाईंची नात रविवारी त्याला फिरवते, त्या दिवशी खोगिराची आणि तंगाची (पोटाखालच्या पट्ट्याची) जागा मी बोटांनी चाचपून बघते. तिथे चिखलाचा एक खडा राहिला तरी पाठ लागते. बाकी अंगावर थोडा चिखल राहिला तर राहू दे.

पायांचं मात्र वेगळं आहे. इथे चिखलाने पायांना होणाऱ्या एका आजाराची सगळ्यांना धास्ती असते. ओलीने कातडी मऊ पडते, बारीक चिरा जातात आणि त्यातून जंतू शिरतात. मग खुराच्या वर, मागच्या खोबणीत खपल्या धरतात, खाली पू, पाय सुजतो, घोडा लंगडतो. पांढऱ्या पायांना, त्यांची कातडी गुलाबी असल्यामुळे, लवकर होतं. केस दाट असले की डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मी रोज रात्री चारी पायांवरून बोटं उलट्या दिशेने फिरवते. गहू चिकटल्यासारखं काही हाताला लागलं की समजायचं. डॉक्टरांचं म्हणणं, औषधाच्या पाण्याने धुवा पण लगेच टॉवेलने कोरडं करा. ओला पाय तसाच ठेवलात तर धुण्यानेच आजार वाढतो. चिखलापेक्षा सततची ओल वाईट. तुम्ही पावसाळ्यात घोडे खाली नेरळला उतरवल्यावर त्यांचे पाय गोणपाटाने पुसून हळद-तेल लावायचात. पुसणं हेच त्यातलं खरं औषध होतं, असं मला आता वाटतं.

खुरांचंही तसंच. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या चरांत चिखल आणि लीद दबून बसते, काळं होतं, कुबट वास मारतो. आकड्याने ते रोज काढायचंच. आणि चिखल नाल ओढतो! पाय रुततो, घोडा जोर लावून काढतो, नाल आत राहतो. गेल्या महिन्यात फाटकाशी असाच एक गेला, आम्ही फावड्याने उकरून शोधला, कारण खिळ्यांसकट पडलेल्या नालावर दुसऱ्या कुणा घोड्याचा पाय पडला तर खिळा तळव्यात घुसतो. इथे नाल आपण ठोकायचा नाही, आप्पा. १९७५ सालचा कायदा आहे, नोंदणी झालेल्या नालबंदानेच नाल मारायचा. दर सहा ते आठ आठवड्यांनी तो गाडीतच भट्टी घेऊन येतो. तुमचा हात त्याने बघितला असता तर मान डोलावली असती, याची मला खात्री आहे.

एक गोष्ट फोनवर मुद्दाम सांगितली नव्हती, आईने काळजी केली असती. नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली त्या संध्याकाळी मर्फी तबेल्यात लोळताना दिसला. लोळला, उठला, पण अंग झटकलं नाही. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. मजेने लोळलेला घोडा उठला की झटकतोच. हा मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागला, पायाने पेंढा खरवडला आणि परत खाली बसायला वाकला. बादलीतलं पाणी जवळजवळ सकाळी भरलेलं तसंच होतं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे कुशीला कान लावला. एरवी तिथे सारखी गुडगुड चालू असते, एका बाजूला काहीच ऐकू येईना. जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून नाडी मोजली, मिनिटाला ५६. निवांत घोड्याची २८ ते ४४ असते.

डॉक्टर अर्ध्या तासात आल्या. हात घालून तपासलं, आतड्यात लीद घट्ट बसली होती. गार पाणी घोडा कमी पितो, वरून कोरडं गवत खातो, आणि मग असं होतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे अडलं ते पुढेच सरकायला हवं. त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून लांब नळी थेट पोटात घालून पाणी आणि औषधी मीठ सोडलं. मी त्याचं डोकं छातीशी धरून उभी होते. मालकीणबाई खुर्चीवरून उठायला तयार नव्हत्या, रात्री उशिरापर्यंत ब्लँकेट गुंडाळून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यात लीद पडलेली दिसली आणि आम्ही दोघींनी एकमेकींना मिठी मारली. इतका आनंद मला क्वचित झालाय.

तेव्हापासून मी थंडीत त्याच्या पाण्यात किटलीभर गरम पाणी ओतते, गवतही भिजवून देते. दिवसाला सहा ते आठ किलो वाळलेलं गवत, बस. चंदी जवळजवळ नाहीच. कमी चाऱ्याच्या मुलखातली जात असल्याने भरपूर खायला दिलं की फुगतो आणि खूर तापतात. हरभऱ्याचा तोबरा चढवणाऱ्या तुम्हाला हे ऐकवणार नाही, पण राणी दिवसभर चढ चढते, मर्फी नुसता लोळतो.

आप्पा, एक विनंती. दादा म्हणाला की हल्ली सीझनला फेऱ्या इतक्या असतात की खोगीर रात्रीच उतरतं आणि घोडी सरळ दावणीला जाते. गर्दीत पैसे मिळतात ते कळतं मला. तरी पण राणीला रोज पाच मिनिटं मोकळं सोडायला सांगा, पेव्हर ब्लॉकवर नाही, खालच्या मैदानात, मातीत. ती लोळून उठल्यावर झटकते की नाही तेवढं दादाने उभं राहून बघावं. आणि पावसात तिच्या मागच्या डाव्या पायाला खपल्या धरल्या होत्या, त्या जागेचा जवळून फोटो पाठवा, केस बाजूला करून.

आई, मी जेवते, नीट जेवते. हातांना भेगा पडतात, पण मलम आहे. संक्रांतीला तीळ इथे सहज मिळाले, गूळ एक्सेटरच्या भारतीय दुकानातून आणला. मालकीणबाईंना तिळगूळ देणार आहे. मर्फीला नाही, त्याला गोड चालत नाही. यांना कामावर जरा जास्त ताण आहे, तरी मार्चमध्ये रजा मिळेल असं वाटतंय, तिकिटाचं पक्कं झालं की कळवते. गुडघ्याची गोळी चुकवू नकोस.

रविवारी फोन करा, तुमच्या साडेचारनंतर. तोवर माझं सकाळचं तबेल्याचं काम आवरलेलं असतं.

तुमची लेक