कुर्माघर आणि आपलं माजघर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणालात, "डोळ्यांसमोर पोरगी तापानं फणफणतेय आणि तू वहीत लिहीत बसलीस?" तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं, कारण मला उत्तर सुचत नव्हतं.

कुर्माघराचं फोनवर अर्धवटच राहिलं. इथल्या माडिया आदिवासी बाईची पाळी आली की ती गावाच्या कडेच्या झोपडीत जाते, तेच कुर्माघर. चूल नाही, विहिरीला हात लावायचा नाही. भाकर-पाणी घरातली दुसरी बाई आणून ठेवते. चुकून पुरुषाचा स्पर्श झाला तर त्यानं लगेच अंघोळ करायची. नियम मोडला तर गावाला मटण-दारूचं जेवण घालायचं. तो खर्च ऐकला की बंडखोरी जागच्या जागी विरते.

मी इथं आले त्याच महिन्यात घरमालकिणीनं मला सरळ विचारलं. खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले, आणि गेले. खरं सांगू? मला तिथं आवडलं. बायका हसत होत्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत होत्या. एक म्हणाली, "इथं नवऱ्याची हाक ऐकू येत नाही." सहा महिने मुलाखती घेऊन मिळालं नसतं ते मला तिथं चार रात्रींत मिळालं. माझा अर्धा प्रबंध त्या गळक्या छपराखालचा आहे. बाबा, तुमचा प्रश्न लागला तो इथं.

त्या दिवशी ती तापलेली पोरगी कुर्माघरात कण्हत होती ते मला दिवेलागणीलाच ऐकू आलं होतं. मी उठले रात्री दोनला. मधले सात तास मी स्वतःला समजावत होते की आपण पाहुणे, ढवळाढवळ करायची नाही, इथल्या रीतीला आपली फूटपट्टी लावायची नाही. मग पाऊस वाढला, छप्पर गळायला लागलं आणि मी आत जाऊन तिला टेकवून बसवलं. गावात औषधपाणी बघणाऱ्या आशाताईंना उठवलं. त्या स्वतः माडिया; त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच गोळ्या पुढे केल्या. सकाळी तिला खाटेवर घालून नाल्यापलीकडे नेलं. ती आता बरी आहे. मी मात्र शिवलेली, म्हणून चार दिवस बाहेर. मला रोज गोष्टी सांगणारी म्हातारी अजून माझ्याशी बोलत नाही.

आमच्या मानववंशशास्त्रातलं हे जुनं भांडण आहे. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनंच लेखी शंका काढली होती की एका संस्कृतीची मोजमापं साऱ्या जगाला कशी लावायची? त्याच संघटनेनं हक्कांच्या बाजूनं जाहीरनामा काढला तो १९९९ मध्ये. त्यांना बावन्न वर्षं लागली, तुम्हाला माझं उत्तर रविवारीच हवं होतं!

बाबा, तुम्ही जन्मभर बांधकाम खात्यात काढलेत, तेव्हा म्हणाल, पक्की खोली बांधा. गडचिरोलीत काही गावांत संस्थांनी तशी कुर्माघरं बांधली आहेत, पलंग आणि संडासासकट. साप-पावसाची भीती जाते, हे खरंच. पण स्लॅब पडला की प्रथाही पक्की होते, असं म्हणणारेही आहेत. मी एकदा एका बाजूला असते, एकदा दुसऱ्या. पुन्हा पावसात भिजले की स्लॅबच्या बाजूला.

मुलाखतीआधी बायकांची परवानगी घ्यायची, त्याचीही गंमत आहे. विद्यापीठाचा छापील कागद आहे, खाली सही किंवा अंगठा. पहिल्याच बाईनं विचारलं, "हा पोलिसाकडे जाणार का दादालोकांकडे?" दादालोक म्हणजे नक्षलवादी. या भागात कागदावरचा अंगठा कुणाच्या हाती लागेल याची धास्ती खोटी नाही. कागद मिटला. आता तोंडी विचारते, गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याच शास्त्रातल्या इरावतीबाई कर्वे १९२७ च्या सुमाराला बर्लिनमध्ये जर्मन आणि आफ्रिकी कवट्या मोजत होत्या, आणि गोऱ्यांना श्रेष्ठ ठरवणाऱ्या गुरूच्या वंशसिद्धांताला आधार मिळत नाही हे त्यांनी तिथंच लिहून दिलं. केवढं धाडस! पण त्या कवट्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आणि विचारायचंच तर आई, मी तुलाही कधी विचारलं नाही.

माजघराच्या कोपऱ्यातलं ते कांबळं आणि वेगळं ताट मला आठवतं. "कावळा शिवला" म्हणून मला तुझ्या कुशीत यायची बंदी. बाबा पिठलं-भात करायचे आणि तुझ्या भांड्यात वरून पाणी ओतायचे, थेंबसुद्धा न सांडता. बाबा, तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, आणि मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. आजी गेली आणि तेराव्यानंतर ते कांबळं दिसेनासं झालं. कुणीच काही बोललं नाही. तू ते टाकलंस, की कुणाला देऊन टाकलंस? तुला त्या चार दिवसांत बरं वाटायचं का? की रडायचीस?

इथल्या बायकांबद्दल शंभर पानं लिहिते आणि आपल्या घराबद्दल एक ओळ नाही, हे मला खटकतंय. एक पान तुझ्यावर लिहू का? नाव नसेल. पण भावकीतले ओळखतीलच, म्हणून विचारते. नको म्हणालीस तर नाही लिहिणार, आणि कारणही विचारणार नाही.

बाबा, हे पत्र आईला एकटीला वाचू द्या, नंतर तुम्ही.

उत्तर भामरागडच्या पत्त्यावर पाठवा. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं तर आठ-दहा दिवस उशीर होईल, काळजी करू नका.

तुमची
चिमी